लाल ठिपक्यांची टेकडी

२ ऑगस्ट
मुलींचं वसतिगृह, खोली १७

उंडग्या,

ताई फोन करत नाही म्हणून आईजवळ कुरकुरलास म्हणे. नाही करणार. अडचणीचा प्रश्न आला की तू तोंडानं खरखर काढतोस आणि "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" करत ठेवून देतोस. कागदावर खरखर काढता येत नाही, म्हणून आता पत्र. तूही पत्रच लिही.

पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. महिनाभर टेकडीवर माकडासारखी चढले आणि शेवटच्या दिवशी उतरताना शेवटच्या पाच पावलांत पडले. त्यामुळे माझं काम तुझ्या गळ्यात घालतेय. दुसरं कुणी असतं तर तुझ्या घातलं नसतं, हेही सांगून ठेवते.

आपल्या घरामागच्या चुनखडीच्या टेकडीवर ती बारकी गोगलगाय आहे ना, उंच टोपीसारख्या शंखाची, ती बाकी कुठेच सापडलेली नाही. पलीकडच्या टेकडीवरसुद्धा नाही. तिला त्याच दगडाचा चुना लागतो, त्याच दगडावरचं शेवाळ लागतं. आणि ती टेकडी खडी क्रशरवाल्यांनी मागितली आहे. २० सप्टेंबरला समितीपुढे सुनावणी आहे. मी तिथे आकडा मांडायचा, टेकडीवर गोगलगाई किती. टेकडी राहते की जाते ते त्या आकड्यावर.

सगळ्या मोजता येत नाहीत, अर्ध्या फटीत असतात. म्हणून मी १२० पकडल्या, प्रत्येकीच्या शंखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि होत्या तिथे सोडल्या. २४ ऑगस्टला माझे दोन ज्युनिअर येऊन मिळतील तशा शंभर पकडतील. त्या शंभरांत निम्म्या ठिपकेवाल्या निघाल्या, तर समजायचं की मी रंगवलेल्या १२० म्हणजे एकूणाच्या निम्म्या. कळलं?

तुझं काम एवढंच. पंक्चरच्या दुकानात कामाला जायच्या आधी सकाळी एक चक्कर मार. कुणी दगड हलवतंय का, आग लावतंय का बघ आणि कळव. गोगलगाईंना हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. माझी दोन वर्षं त्या टेकडीवर आहेत.

ताई


१२ ऑगस्ट

प्रोफेसरीणबाईंच्या तुटक्या चरणी साष्टांग नमस्कार!

प्लास्टरवर मैत्रिणींनी सह्या केल्या असतील तर माझ्यासाठी टाचेकडची जागा राखून ठेव.

दोनदा बारावी नापास झालो तरी तुझं गणित मला एका दमात कळलं. आता तूच ठरव मास्तर वाईट होते का मी. दुकानातल्या उस्तादला पण समजावून सांगितलं, पंक्चरच्या पाण्याच्या टपात नट टाकून. तो म्हणाला, "तुझी बहीण एवढी शिकली ते गोगलगाई मोजायला?" मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर भोकंच मोजताय ना?" अर्धा दिवस बोलला नाही माझ्याशी. चांगला गेला अर्धा दिवस.

रोज जातो टेकडीवर. सहाला. आईला वाटतंय मी सुधारलो, तिचा गैरसमज तू दूर करू नकोस.

क्रशरवाल्यांची माणसं परवा येऊन टेकडीवर खणायच्या हद्दीच्या झेंडेवाल्या खुंट्या ठोकून गेली. चौदा. मी त्या उपटल्या आणि त्यांच्याच सुपरवायझरच्या ऑफिसच्या अंगणात ओळीत रोवल्या, मधोमध त्याची खुर्ची येईल अशा. सकाळी तो येऊन बघतो तर काय, आपलंच ऑफिस खणायला निघालंय! तो थेट दुकानात आला. म्हणाला, "तूच ना रे?" मी म्हटलं, "साहेब, मी तर गोगलगाय, पोटात पाय." उस्ताद हसला आणि तिथंच सगळं फुटलं. माझं नाव लिहून घेतलंय त्यानं वहीत. घेऊ दे.

तुझ्या ठिपकेवाल्या मजेत आहेत. कावळे थोडे जास्त दिसतात हल्ली. पण तू काळजी करू नकोस, मी आहे. एक गंमत करून ठेवली आहे तुझ्यासाठी. आत्ता नाही सांगणार. सुनावणी झाली की तू स्वतः लंगडत येऊन माझी पाठ थोपटशील.

तुझा लाडका आणि नालायक


२८ ऑगस्ट
खोली १७

अरे,

ते दोघे परत आले. त्यातल्या टोपीवालीला तू सांगितलंस की ही गोगलगाय चावते आणि चावल्यावर तीन दिवस माणूस हळू चालतो. तिनं हातमोजे घालून काम केलं. तुला लाज नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. शंभर पकडल्या त्यांनी. ठिपकेवाल्या निघाल्या दोन. फक्त दोन. पन्नासात एक, म्हणजे १२० गुणिले पन्नास, सहा हजार येतात. मी चार वेळा केला. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर हवं आहे. ठिपके गेले का? पाण्यानं, उन्हानं, घासून? तू रोज जातोस, तुला दिसलं असेल. माझ्या गाईड सरांना परवा अहवाल द्यायचा होता, तुझ्या पत्रासाठी मी चार दिवस मागून घेतलेत. थट्टा नको. हो की नाही, एवढंच लिही.

ताई


३१ ऑगस्ट

सहा हजार!!!

ताई, मी दुकानात नाचलो. उस्तादनं विचारलं लॉटरी लागली का, मी म्हटलं त्याहून मोठं, आमच्या ताईच्या पोरी सहा हजार निघाल्या. पाण्याच्या टपात पडता पडता वाचलो. नाहीतर घरात दुसरं प्लास्टर.

आता बघू क्रशरवाले काय करतात ते! सहा हजार जिवांवर सुरुंग लावायची कुणाची छाती आहे?

तुझा प्रश्न. नेलपॉलिशचा रंग पाण्यानं जात नाही, उन्हानं जात नाही, घासून जात नाही. मी माझ्या अंगठ्यावर लावून बघितलंय, बारा दिवस झाले, ग्रीस लागलं, साबण लागला, तसाच आहे. गिऱ्हाईकं हसतात. तेव्हा ठिपके आपोआप गेले नाहीत. तुझी शपथ.

झोप आता. आनंदानं सुद्धा माणसानं एवढं जागू नये.

लाडका


९ सप्टेंबर
खोली १७

तुझं पत्र मिळालं आणि मी अहवाल दिला. सहा हजार.

सर म्हणाले, आकडा आपल्या मनासारखा आला नाही म्हणून खोटा ठरत नाही. बरोबर आहे. मी पण दुसऱ्यांना हेच सांगितलं असतं. क्रशरवाल्यांच्या वकिलानं त्याच दिवशी अहवालाची प्रत मागून नेली. इतकी घाई त्यांना आजवर कधी नव्हती.

तू नाचलास ते वाचून वाटलं, तुला नीट सांगितलंच नाही मी. समितीचा नियम असा आहे की टेकडीवर हजारापेक्षा कमी असल्या तरच तिला हात लावता येत नाही. हजाराच्या वर असल्या तर प्राणी धोक्यात नाही आणि टेकडी मोकळी. मी धरून चालले होते की हे कुणालाही कळेल. जे थोडं उरलंय तेच वाचवायचं असतं ना. माझा अंदाज दोनशेचाळीसचा होता. दोन वर्षं रोज बघून केलेला अंदाज पंचवीस पटींनी चुकतो, म्हणजे मी काय बघत होते?

गोगलगाई जास्त निघाल्या म्हणून रडत बसलेली मी जगात एकटीच असेन.

प्लास्टर २६ तारखेला निघेल. तू आता टेकडीवर नाही गेलास तरी चालेल.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचल्या वाचल्या लिहितोय. उस्तादकडून कागद घेतलाय, डाग पडलेत ते माफ कर. हे पत्र घेऊन गाडीनं आजच माणूस पाठवतोय, उस्तादचा मेहुणा तिकडेच चाललाय. तुझ्या हातात पडलं की लगेच सरांकडे जा.

ठिपके मी पुसले.

पहिल्या आठवड्यात बघितलं, वरच्या सपाट दगडावर कावळे शंख आपटून फोडतात. खाली फुटलेले अकरा शंख होते. त्यातल्या नऊंवर लाल ठिपका. मी दोन दिवस झुडपात बसून बघितलं. कावळ्याला एरवी ती गोगलगाय दिसतच नाही, दगडाच्याच रंगाची. पण लाल ठिपका वरून दिसतो. तू त्यांना जेवणाचं ताट वाढून ठेवलं होतंस. हे तुला कसं लिहू? तू पाय मोडून पडलेली. मला वाटलं, तुला कळलं तर तू झोपायची नाहीस.

मग मावशीच्या पार्लरमधून ती रंग काढायची बाटली आणि कापूस आणला. तीन सकाळी लागल्या. एकशेतीन पुसल्या. हळू पुसल्या, एकीचा पण शंख मोडला नाही. ताई, हात लावू नको म्हणाली होतीस. लावला.

आणि खरं सगळंच सांगतो. पुसता पुसता तुझं गणित आठवलं. ठिपके कमी सापडले तर आकडा वाढणार. मला वाटलं वा, कावळ्यांपासून पण वाचल्या आणि कागदावर पण वाढल्या. जितक्या जास्त तितकी टेकडी पक्की. मला वाटलं मी तुझ्यापेक्षा हुशार आहे. तू विचारलंस तेव्हा मुद्दाम "आपोआप गेले नाहीत" असं लिहिलं. शपथ खोटी नव्हती, पण खरी पण नव्हती.

तुझा अंदाज बरोबर होता. पंचवीस पट मी चुकलोय, तू नाहीस. हे पत्र दाखव सगळ्यांना. मला बोलवलं तर मी येतो, उस्तादनं सुट्टी दिली नाही तर दुकान सोडून येतो.

मी


२३ सप्टेंबर
खोली १७

अरे,

सुनावणी झाली. तुला यायला लावलं नाही ते बरं केलं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, ग्रीसच्या डागांसकट समितीपुढे ठेवलं.

अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकलं. मग क्रशरवाल्यांचा वकील उठला. त्याच्याकडे सुपरवायझरची वही होती. म्हणाला, "हाच का तो भाऊ, ज्यानं आमच्या खुंट्या उपटून ऑफिसच्या अंगणात रोवल्या?" मी हो म्हणाले. "विचारल्यावर काय म्हणाला, की मी गोगलगाय?" लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. मग तो म्हणाला, "टेकडी अडवायला ज्यानं खुंट्या हलवल्या, तो टेकडी अडवायला पत्र लिहिणार नाही का? शंख पुसलेलं कुणी पाहिलंय?" कुणीच पाहिलेलं नाही. पुसलेल्या शंखावर काही उरत नाही, तू इतकं नीट पुसलंस.

मी म्हटलं, पुन्हा मोजू द्या. त्यांनी सरांना विचारलं किती दिवस लागतील. सरांना खोटं बोलता येत नाही. आता टेकडी वाळायला लागली, गोगलगाई फटीत जाऊन तोंड बंद करून बसतील, पुढच्या वर्षीच्या ओलीशिवाय बाहेर येणार नाहीत. बाई म्हणाल्या, "एकदा सहा हजार सांगता, दहा दिवसांनी दोनशे. वर्षभर थांबल्यावर काय सांगाल?" परवानगी दिली. १० ऑक्टोबरपासून काम सुरू.

कावळ्यांचं तू पाहिलंस ते खरं आहे. मी पुस्तकं काढून बघितली, ठळक रंग वापरू नये असं लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलेलं होतं. खाली पेन्सिलनं रेघसुद्धा मारली होती. दोन दिवस झुडपात बसून तू जे केलंस ना, त्यालाच आमच्यात अभ्यास म्हणतात. आधी मला एक ओळ लिहिली असतीस, तर ठिपके बदलले असते, मोजणी पुढे ढकलली असती, सगळं जमलं असतं.

मी तुला माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. नाही केलं असं लिहिलं तर तेही खोटं. तुझ्याएवढाच माझाही हात आहे यात, फक्त माझ्या हाताला कुणी हसलं नाही.

आता ऐक. १० तारखेच्या आत मिळतील तितक्या फटींतून काढ. जुन्या टायरचे अर्धे तुकडे उलटे ठेव, त्यात टेकडीचेच दगड, शेवाळासकट. सावलीत. दिवसातून दोनदा पाणी शिंपड, ओतू नकोस. रोज मोज आणि लिहून ठेव. जगतील असं मी म्हणत नाही. आजवर कुणी टेकडीबाहेर जगवलेली नाही.

ताई


१६ नोव्हेंबर

ताई,

तू प्लास्टर काढून आलीस, चार दिवस राहिलीस, आणि आपण त्या टायरांजवळ बसलो तरी बोललो काहीच नाही. म्हणून लिहितोय. कागदावर बरं पडतं. तुझंच म्हणणं.

तू मागितलेले आकडे. १० ऑक्टोबरला सुरुवात केली तेव्हा एक्केचाळीस. १७ ला छत्तीस. तू आलीस तेव्हा बावीस, ते तुला माहीतच आहे. तू गेल्यावर आठ दिवसांत अकरा. शेवाळ आधी पिवळं पडलं, मग त्या. मी पाणी बदललं, सावली बदलली, मावशीच्या पार्लरमधला फवारा आणला. ४ नोव्हेंबरला चार. ९ ला एक. ती एक तीन दिवस दगडाला घट्ट चिकटून होती, मला वाटलं ही टिकेल. १२ ला सकाळी उचलली तर हलकी लागली.

सगळे शंख खोक्यात घालून पाठवतोय, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी आहे. सरांच्या कपाटात ठेवायचे म्हणालीस ते. तुझा प्रबंध आता कशावर होणार ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

टेकडी वरच्या सपाट दगडापर्यंत गेली. दुपारी एकला आणि पाचला सुरुंग लागतो. आई त्या वेळी भांडी फळीवरून खाली काढून ठेवते. एवढीच सवय करावी लागली तिला, बाकी कुणाला काहीच नाही. कावळे गेले कुठेतरी.

तुला एक सांगायचं राहिलं, आलीस तेव्हा जीभ उचलली नाही. क्रशरच्या ट्रकांच्या टायरांचं काम आमच्या दुकानाला मिळालंय. उस्ताद खूष आहे. मी सोडतो म्हणालो तर आई म्हणाली, "सोड आणि काय करशील, पुन्हा गोगलगाई मोजशील?" ती रागानं नाही म्हणाली. मी डबा उचलला आणि दुकानात गेलो.

पंक्चर काढायच्या आधी चाकाच्या खाचांत अडकलेले खडे पेचकसनं उकरून काढावे लागतात. ट्रकला सहा चाकं, दिवसाला पाच-सहा ट्रक. खाली पांढऱ्या तुकड्यांचा ढीग होतो. बहुतेक सगळा दगडच असतो. पण मध्येच एखादा तुकडा पातळ लागतो, आतून गुळगुळीत, कडेला वळलेला. आधी मला दोन्ही सारखेच दिसले असते. आता नुसतं बोट लावून कळतं कुठला दगड आणि कुठला शंख. हे तुझ्याकडून शिकलो. परत विसरायचं कसं ते तुला माहीत असेल तर कळव.

आज सात निघाले. उस्ताद म्हणाला, काय चाळत बसलास, पुढचं चाक घे.

घेतलं.

मी